आपल्या आवारातली अकरा झाडं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. 'तू नोकरीभर उद्यान विभागात होतीस, तेव्हा झाडांवर बोल,' असा हुकूम आहे. आठवणी सांगणारे आज पुष्कळ आहेत. मी थोडं कामाचं बोलते, कारण तीन वाजता निधीची चर्चा आहे आणि त्याआधी हे कानावर गेलेलं बरं.

आपली दहावीची पहिली तुकडी, मार्च १९७५. मैदानाच्या कडेची झाडं आपण सातवीत असताना वनमहोत्सवात लावलेली. पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ आला. डबा खाऊन झाल्यावर हात धुवायचे ते आळ्यातच, असा तेव्हा नियम होता. काल संध्याकाळी मी ती झाडं मोजली. अकरा उरली आहेत : पाच कडुनिंब, तीन रेन ट्री, दोन करंज आणि फाटकाजवळचा गुलमोहर.

शहरी भागातल्या झाडांचा राज्याचा कायदाही १९७५ चाच, आपल्याच बॅचचा म्हणा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड 'हेरिटेज वृक्ष' ठरतं आणि ते तोडायची परवानगी मिळालीच, तर जेवढं झाडाचं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात. म्हणजे आपली अकराही झाडं त्या मानाला पोचली. आपण सत्तरीला टेकलो, आपल्याला अजून कुणी तो मान दिलेला नाही!

आता निधीचं. पत्रकात तीन प्रस्ताव आहेत : सगळ्या मैदानाच्या कडेला पेव्हर ब्लॉक, झाडांभोवती आईवडिलांच्या स्मरणार्थ पार आणि पन्नास नवी रोपं. तिन्हींमागची भावना चांगली आहे. तरी पहिल्या दोन गोष्टींनी ही झाडं मरतील, असं मला स्पष्ट सांगायचं आहे.

झाडाची मुळं खोल पाताळात जातात, हा आपला समज. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. पेव्हर बसवताना आधी जमीन खोदतात, मग मुरूम आणि कच टाकून रोलर फिरवतात. खोदताना मुळं तुटतात, रोलरने उरलेल्यांचा श्वास कोंडतो. झाड लगेच मरत नाही, तीच पंचाईत आहे. आधी शेंडे वाळतात, पानं लहान येतात. एका कॉलेजात असं फरसबंदीनंतर सातव्या वर्षी रेन ट्री वळवाच्या वाऱ्यात सायकल स्टँडवर कोसळला. रविवार होता म्हणून निभावलं. सगळे म्हणाले, 'झाड जुनं झालं होतं.' पेव्हरचं नाव कुणी काढलं नाही.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या खोडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. एक मीटर म्हणजे अगदीच किमान. आपल्या रेन ट्रीचं तेवढ्यात भागणार नाही.

पाराचं बोलताना मला संकोच होतो, कारण त्यात कुणाकुणाची आई आहे, वडील आहेत. पण पार बांधून आत दोन फूट माती भरली, की खोडाचा बुंधा गाडला जातो, साल ओलसर राहते आणि कुजायला लागते. वड-पिंपळ त्यातून निभावतात. कडुनिंब आणि गुलमोहराचा भरवसा नाही. बाक करा ना! झाडापासून दूर, सावलीत. त्यावर नाव घाला.

फाटकाजवळचा गुलमोहर तुम्ही येताना पाहिलात. वायर मोकळी करायला आलेल्यांनी एका बाजूच्या फांद्या मधूनच तोडल्या आहेत, वीतवीतभर खुंट तसेच आहेत. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड आतून भिंत घालून कुजका भाग वेगळा पाडतं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, त्याच्या जरा बाहेर कापलं तरच ती भिंत नीट उभी राहते. जाड फांदी असेल तर आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून, आणि फांदीचं वजन उतरल्यावर शेवटचा काप कड्याशी. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल ओरबाडून नेते. कापल्यावर डांबर, रंग, सिमेंट काही फासायचं नाही. गेरू-चुना लावायची हौस असेल तर लावा, फक्त खिळे आणि तारा काढा. दुसऱ्या कडुनिंबात जुन्या जाळीची तार दोन बोटं आत गेली आहे.

पन्नास रोपांबद्दल एवढंच : या आवारात पन्नास झाडांना जागा नाही. पाच लावा. तीन उन्हाळे पाणी घालायला माणूस ठेवा आणि त्याचा पगार आजच बाजूला काढा. रोप लावताना फोटोला गर्दी होते, एप्रिलमध्ये बादली उचलायला कुणी नसतं. आपण मुलं होतो तेव्हा सर उभे राहून आळी भरून घ्यायचे. आता ती जबाबदारी मे महिन्याच्या सुट्टीत कुणाची, ते ठरलेलं नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. पेव्हर फक्त पायवाटेपुरते. झाडांखाली माती उघडी, त्यावर पालापाचोळा. तो जाळायचा नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी जाणकाराकडून पाहणी, आणि नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेऊन छाटणी.

जेवणानंतर पंगतीतून उठलात की ज्यांना चालवतं त्यांनी माझ्याबरोबर मैदानाला एक फेरी मारा. सर, तुमची खुर्ची आपण सावलीत घेऊ. कुठले शेंडे वाळलेत ते मी बोटाने दाखवते, मग तीन वाजता काय ते ठरवा.