फोन मुलाच्या हातात, खातं फोनमध्ये


मूल ज्या फोनवर गेम खेळतं, त्याच फोनला आपलं बचत खातं जोडलेलं असतं. "डायमंड मोफत हवेत? पिन टाक," असा मेसेज येतो आणि मूल फसतं. त्याला आजच सांगा: पैसे घेताना यूपीआय पिन लागत नाही; पिन लागतो तो पैसे देताना. आपला पिन मुलाला सांगू नका. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा.

तरीही चूक झालीच, तर आधी रागावू नका. माराच्या भीतीने मूल गप्प बसतं आणि तेवढ्यात पैसे दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात जातात. लगेच १९३० वर फोन करा, बँकेला कळवा. मूल वेळेवर बोललं, तरच पैसे वाचण्याची आशा असते.