‘पाठलाग’ ते ‘बिनधास्त’: रहस्यपटातली ती

रहस्यपटातली नायिका फक्त किंचाळायला असते, हा समज मराठी पडद्यानं केव्हाच मोडलाय.

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला १९६४ साली. एका वकिलाची बायको वारलेली. आणि पोलीस पकडून आणतात ती हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी बाई! भर कोर्टात ती म्हणते, मीच यांची बायको. मग घरातल्या, फक्त नवरा-बायकोलाच ठाऊक असाव्यात अशा गोष्टी ती सांगू लागते आणि वकिलाचाच धीर सुटत जातो. हिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे आपलंही ठरत नाही. माझ्या मते अस्सल रहस्य हेच, पाठीमागचं संगीत कितीही वाजवा, त्यानं ते येत नाही. भावना यांनी ही भूमिका फार ताकदीनं केली. याच कथेवर राज खोसला यांनी १९६६ मध्ये साधनाला घेऊन ‘मेरा साया’ काढला.

पुढे १९९९ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘बिनधास्त’ केला. शर्वरी जमेनीस आणि गौतमी गाडगीळ या दोन मैत्रिणी, सोबत रीमा; जवळजवळ सगळ्या भूमिका बायकांच्याच. प्रियदर्शन यांनी तो तमिळमध्ये ‘स्नेगिदिये’ नावानं पुन्हा केला. दोन्ही मराठी चित्रपट जरूर पाहा, शेवट मात्र कुणाला आधी विचारू नका.