संगणकशास्त्राच्या पदवीसाठी विद्यापीठाची निवड

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात दिलेले व्याख्यान)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना विश्वस्तांनी मला बोलावयास सांगितले, हा मी माझा बहुमान समजतो. संगणक अभियांत्रिकी शिकवण्यात माझे आयुष्य गेले. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की समाजातील पालक माझ्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "सर, कॉम्प्युटरला कुठे घालू?" आज त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे. परंतु त्याआधी माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांसमोर प्रांजळपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चातुर्मासाचे दिवस होते. आपल्याच समाजातील एका परिचित कुटुंबाने मला घरी बोलावले होते. मुलीला दूरच्या गावातील एका जुन्या शासकीय महाविद्यालयात संगणक शाखा मिळत होती आणि घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावरील एका खासगी महाविद्यालयातही तीच शाखा मिळत होती. वडील द्विधा मनःस्थितीत होते. आजी म्हणाल्या, "पोरीला रात्रीचं जेवायला लावू नका. तिथं कांदा-बटाट्याशिवाय भाजी मिळायची नाही." सर्वांनी माझ्याकडे पाहिले. घरचा विषय आहे, धर्माचा विषय आहे, आपण मध्ये कशाला बोला, असा विचार करून मी गप्प बसलो. मुलगी जवळच्या महाविद्यालयात गेली.

चार वर्षांनी ती मला भेटली. तिसऱ्या वर्षी एका महत्त्वाच्या विषयाला एकाच सत्रात तीन शिक्षक बदलले होते. प्रयोगशाळेत मागील वर्षाची जर्नल उतरवून काढण्याची पद्धत होती. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होऊनही मुलाखतीत तिला उत्तरे देता येईनात. पुढे पुण्यात राहून वर्षभर तिने स्वतः अभ्यास केला आणि नोकरी मिळविली. ती म्हणाली, "काका, मी शिकले, पण कॉलेज संपल्यावर शिकले. तुम्ही त्या दिवशी बोलला असता, तर पप्पांनी ऐकलं असतं." नंतर मी सहज चौकशी केली, तेव्हा समजले की त्या दूरच्या गावात जिनमंदिराजवळ आपल्या समाजाची काही घरे होती आणि एक भगिनी विद्यार्थ्यांसाठी सायंकाळी पाच वाजता डबे करून देत असत. एक दूरध्वनी पुरेसा होता. तो ना त्यांनी केला, ना मी. म्हणून आज मी गप्प बसणार नाही.

आपल्या समाजाला शिक्षणासाठी घर सोडणे नवे नाही. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्यासारख्या दानशूरांनी ठिकठिकाणी जैन बोर्डिंगे उभारली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून. राहण्याची व शुद्ध आहाराची सोय झाली, तर मुले दूर जाऊन शिकतील, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोजचे. तेही कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले आणि १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्या पिढीपुढे शिकावे की नाही हा प्रश्न होता. आपल्यापुढे कोठे शिकावे हा आहे. तो सोपा वाटतो, पण सोपा नाही.

जैन दर्शनाने आपल्याला नयवाद दिला. एखादी वस्तू एकाच बाजूने पाहून तिच्याविषयी निर्णय देऊ नये, ही त्याची शिकवण. महाविद्यालय निवडताना मात्र आपण तिचा विसर पाडतो. कोणी केवळ नाव पाहतो, कोणी केवळ क्रमवारी, कोणी केवळ पॅकेज, तर कोणी केवळ अंतर. यांतील प्रत्येक गोष्ट खरी आहे, परंतु एकटी अपुरी आहे.

प्रथम संस्थेचे स्वरूप समजून घ्यावे. 'विद्यापीठ' हा शब्द आज अनेक अर्थांनी वापरला जातो. मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ पासूनचे, तर सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासूनचे. सोलापूरच्या जैन घराण्यातील उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे नाव त्याला लाभले आहे. ही दोन्ही शासन-अनुदानित स्वायत्त महाविद्यालये होत. स्वायत्त संस्था अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवते, पदवी मात्र विद्यापीठाची असते. पुण्याचे १८५४ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. याखेरीज विद्यापीठांशी संलग्न खासगी महाविद्यालये आहेत, अभिमत विद्यापीठे आहेत आणि राज्याच्या कायद्यान्वये स्थापन झालेली खासगी विद्यापीठे आहेत. प्रत्येकाची प्रवेशपद्धती, शुल्काचे नियम आणि सवलती वेगळ्या. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ते अधिकृत शुल्क पाहिल्याशिवाय कोणाच्याही तोंडी आकड्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरी गोष्ट शाखेच्या नावाची. आज संगणक, माहिती तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स, सायबर सुरक्षा अशी नावांची रांग लागली आहे. नावावर न जाता अभ्यासक्रमाची पुस्तिका मागवावी किंवा संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. डिस्क्रीट गणित, डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, संगणकाची रचना, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस आणि नेटवर्क हे विषय त्यात पुरेशा तासांसह आहेत का, ते पाहावे. हा पाया असेल तर शाखेचे नाव कोणतेही चालेल. पाया काढून त्या जागी चलनातील सॉफ्टवेअरची ओळख घातली असेल, तर ते शिक्षण दोन-तीन वर्षांत शिळे होते. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि साधा प्रोग्राम लिहून देण्याचे काम यंत्रही करू लागले. अशा काळात यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे ज्याला कळते त्यालाच किंमत राहणार. ते कळण्यासाठी पायाच लागतो.

येथे एक अभिमानाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. अनेक वस्तूंमधून काही वस्तू किती प्रकारे निवडता येतील, हे काढण्याची सर्वसाधारण रीत त्यात दिली आहे. डिस्क्रीट गणिताच्या वर्गात आजही ती रीत शिकवली जाते. ज्या मुलाला गणिताची गोडी आहे, त्याला हे शास्त्र परके वाटणार नाही. आणि ज्याला गणित मुळीच आवडत नाही, त्याला शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून या शाखेत ढकलू नये, ही माझी पालकांना विनंती आहे.

अभियांत्रिकीचा प्रवेश हुकला म्हणजे संगणकशास्त्र हुकले, असेही नाही. पुण्यात फर्ग्युसनसारख्या जुन्या महाविद्यालयात संगणकशास्त्रातील बी.एस्सी. आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित व संगणकशास्त्राची पदवी एकत्र शिकता येते. त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते. ज्याला विषयाची मनापासून ओढ आहे, त्याने हे मार्ग कमी प्रतीचे मानू नयेत.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिक्षकांची. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी एक शोध जगापुढे ठेवला. एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही, हे ती कितीही मोठी असली तरी वाजवी वेळात आणि खात्रीने ठरवण्याची ती रीत होती. हे दोन्ही विद्यार्थी त्याच वर्षी बी.टेक्. झाले होते आणि त्या कामाची सुरुवात त्यांच्या पदवीच्या प्रकल्पातून झाली होती. २००६ मध्ये या शोधाला ग्योडेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक मुलगा असा शोध लावेल असे नाही. परंतु पदवीच्या वर्षांत समोर बसून शंका ऐकणारा गुरू भेटला तर काय घडू शकते, हे त्यातून दिसते. आपल्या शास्त्रांनी सांगितलेल्या स्वाध्यायाच्या प्रकारांत वाचनेबरोबर पृच्छनाही आहे. जेथे विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्यास जागा नाही, तेथे इमारत कितीही भव्य असो, स्वाध्याय होत नाही.

हे बाहेरून कसे ओळखावे? राष्ट्रीय क्रमवारीची एनआयआरएफ ही व्यवस्था २०१६ पासून निकाल जाहीर करते. क्रमांकापेक्षा तिच्यासाठी संस्थेने सादर केलेली माहिती अधिक उपयुक्त आहे. शिक्षकांची यादी, त्यांची पात्रता व ते रुजू झाल्याची तारीख तेथे सापडते. निम्मे शिक्षक वर्षभरातच आलेले असतील, तर विचार करावा. तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषाप्रमाणे वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. २०२४-२५ पासून परिषदेने चांगल्या संस्थांसाठी शाखेतील प्रवेशसंख्येची कमाल मर्यादा काढली आणि अनेक ठिकाणी संगणकाच्या जागा वाढल्या. जागा वाढल्या तसे शिक्षक वाढले का, हे अवश्य विचारावे. शक्य झाल्यास कामकाजाच्या दिवशी महाविद्यालयात जावे, तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांशी बोलावे आणि प्रयोगशाळेत काय करता, एवढेच विचारावे. त्यांच्या उत्तरावरून पुष्कळ समजते.

चौथी गोष्ट पॅकेजची. माहितीपत्रकावर सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा ठळक छापलेला असतो. तो एका विद्यार्थ्याचा असतो. सरासरीही फसवी ठरते, कारण एक-दोन मोठे पगार तिला वर ओढतात. सर्व पगार चढत्या क्रमाने मांडले असता मध्यभागी येणारा आकडा, म्हणजे मध्यक, पाहावा. एकूण किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती नोकरीस लागले, किती उच्च शिक्षणास गेले आणि मध्यक पगार किती, ही माहितीही एनआयआरएफच्या त्याच कागदांत असते. आपण व्यापारी माणसे. दुकानाचा हिशेब आपण एका मोठ्या गिऱ्हाइकावरून करीत नाही, मग मुलाच्या भवितव्याचा का करावा?

आता पैशाविषयी. परिग्रह-परिमाण हे श्रावकाचे व्रत आहे. आपली मर्यादा आधी ठरवावी, हा त्याचा व्यवहारातील अर्थ. मुलाच्या शिक्षणासाठी किती कर्ज पेलेल, हे पर्यायांची यादी भरण्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून ठरवावे, मुलालाही सांगावे. सवलतींची माहिती घ्यावी. आयआयटीमध्ये वार्षिक १ लाखाहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबातील विद्यार्थ्यास शिक्षण शुल्क पूर्ण माफ असते, तर १ ते ५ लाख उत्पन्न असल्यास दोन तृतीयांश माफ असते. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग किंवा इतर मागास वर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींसाठी ती आहे. अभिमत व स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठांना मात्र ती लागू नाही. शिवाय २७ जानेवारी २०१४ पासून आपल्या समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा आहे आणि जैन अल्पसंख्याक संस्थांत समाजातील विद्यार्थ्यांसाठी जागा राखीव असतात. त्यासाठी दाखल्यावरील धर्माची नोंद 'जैन' अशी स्पष्ट आहे ना, हे अकरावीतच तपासावे. प्रवेशाच्या घाईत कागद दुरुस्त होत नाहीत.

शेवटी आहाराचा प्रश्न. तो क्षुल्लक आहे असे मी कधीही म्हणणार नाही. आजींची काळजी खरी होती. परंतु त्या काळजीचे उत्तर शोधता येते, हे आम्ही विसरलो. मुलीच्या बाबतीत तर विशेषच विसरतो. मुलगा असता तर 'करेल काहीतरी' म्हणून आपण त्याला धाडले असते. नियम पाळण्याची जिद्द आपल्या मुलींत मुलांपेक्षा कमी नाही, उलट जास्तच आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळास माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, प्रत्येक शैक्षणिक गावातील आपल्या समाजाची घरे, बोर्डिंगे, सूर्यास्तापूर्वी डबा देणाऱ्या भगिनी आणि तेथे शिकत असलेले विद्यार्थी यांची एक पुस्तिका काढावी आणि ती दरवर्षी सुधारावी. दुसरी, शिष्यवृत्तीचा निर्णय प्रवेश झाल्यावर न घेता पर्याय भरण्यापूर्वी कळवावा, म्हणजे पैशाअभावी कोणी चांगले महाविद्यालय यादीतून गाळणार नाही. तिसरी, शिष्यवृत्ती देताना महाविद्यालयाच्या नावाला गुण देऊ नयेत. विद्यार्थ्याच्या गरजेला व परिश्रमाला द्यावेत. पुस्तिकेचे काम मी स्वतः करण्यास तयार आहे. ज्या मुलीचा मी आज उल्लेख केला, तिने मला साहाय्य करण्याचे मान्य केले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, मनासारखे महाविद्यालय न मिळाले तरी खचू नका. त्या मुलीने महाविद्यालय संपल्यावर जे शिकून घेतले, ते तुम्हांला पहिल्या दिवसापासून शिकता येईल. स्वाध्यायाला कोणत्याही प्रवेशयादीची अट नसते.