माळढोकाचा सातबारा

1979 साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? तब्बल 8,496 चौरस किलोमीटर! त्यात गवताळ माळ थोडा; बाकी गावं, शेतं, रस्ते, बाजारपेठा. जमिनीच्या खरेदी-विक्रीत आणि बिनशेती परवानगीत अडचणी येऊ लागल्या, आणि खापर फुटलं पक्ष्याच्या माथी. कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या कित्येक शेतकऱ्यांनी माळढोक डोळ्यांनी पाहिलाही नव्हता.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने हे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आलं. शेतकऱ्यांची तक्रार रास्तच होती. पण नकाशा आखडण्यासाठी जेवढा जोर लागला, तेवढा उरलेला माळ राखण्यासाठी लागला नाही. पाणी पोचलं तिथे ऊस उभा राहिला. आज या अभयारण्यातल्या नान्नजला माळढोक दिसणं ही नवलाची गोष्ट झाली आहे.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो वाघाच्याच पंगतीला आहे, पण त्याचं जगणं फार नाजूक. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही घरटं न बांधता उघड्या जमिनीवर. गुराचा खूर पडला किंवा कुत्र्याने तोंड घातलं, की हंगाम गेला. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने समोरचं नीट दिसत नाही; वीजवाहिनी दिसेपर्यंत हे जड शरीर वळवायला वेळ उरत नाही.

देशात हे पक्षी आता दीडशेच्या आसपास, बहुतेक राजस्थानात. तिथल्या तारा जमिनीखाली घ्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला. सरकारने खर्चाची आणि सौरऊर्जेच्या उद्दिष्टांची अडचण मांडली. 2024 मध्ये सुमारे 99,000 चौरस किलोमीटरवरचा तो सरसकट आदेश मागे घेऊन न्यायालयाने प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. सौरऊर्जा हवीच, पण कंपन्यांना दुसरी जागा शोधता येते, माळढोकाला नाही.

न्यायालयातली लढाई निदान दिसते; नियम सैल होतात ते मात्र पुष्कळदा गाजावाजा न होता, राजपत्रातल्या एखाद्या अधिसूचनेने. अभयारण्यांभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मसुदा प्रसिद्ध झाला, की साठ दिवसांत कुणालाही हरकत नोंदवता येते. आपल्या जिल्ह्यातला असा मसुदा निघेल तेव्हा तो मिळवून वाचा, आणि पटला नाही तर मुदतीच्या आत लेखी हरकत पाठवा.