एक नाव, दोन धनी



गावात एकाच नावाचे दोन गृहस्थ असले म्हणजे टपालवाला काय करतो? वडिलांचे नाव पाहतो. तेवढ्याने भागले नाही तर वस्ती विचारतो. शास्त्रज्ञांवरही हीच पाळी येते असे आम्ही म्हटले, तर आपणांस नवल वाटेल. शास्त्रीय नावाची प्रतिष्ठा मुळी अशी की, एका नावाचा जीव एकच.

पारावरचा वड घ्या. वड, पिंपळ, उंबर आणि पुरंदरकडचे अंजीर ही सारी एकाच वंशाची; त्या वंशाचे नाव फायकस. आता समुद्रात एक गोगलगाय आहे. तिचा शंख पातळ, एकीकडे फुगीर, दुसरीकडे निमुळता, अगदी अंजिरासारखा. हॅम्बुर्गच्या र्‍योडिंगने १७९८ साली तिच्या वंशालाही फायकस हेच नाव दिले, आणि एका जातीला म्हटले फायकस व्हेरिएगॅटा. पुढे १८२५ साली ब्लूम याने उंबराच्या एका भाऊबंदाला तेच नाव दिले, पुरे, जसेच्या तसे!

ही चूक म्हणावी काय? नाही. वनस्पतींची नावे लिनीअसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून मोजतात, प्राण्यांची १७५८ पासून. दोहोंचे नियम निराळे, वह्या निराळ्या. आपल्या वहीत तेच वंशनाव दुसऱ्या वंशाला चालत नाही. शेजारची वही पाहण्याचे बंधन मात्र कोणावरच नाही.

हा पंडितांचा विनोद म्हणून सोडून देता आला असता. पण नारू आठवा. पायातून थोडा-थोडा ओढून काढावा लागणारा तो कृमी येथील वडीलधाऱ्यांना वेगळा सांगायला नको. त्याचा वंश ड्रॅकन्क्युलस. आणि भूमध्य समुद्राकाठच्या, सुरणाच्या कुळातील एका झाडाचा वंशही ड्रॅकन्क्युलसच! भारतातील अखेरचा नारूरुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला, २००० साली देश नारूमुक्त ठरला. आफ्रिकेत तो अजून पुरता संपलेला नाही. तेथे एकेक रोगी मोजला जातो. अशा मोजणीत संगणकाने नुसते नाव जुळवून झाडांच्या नोंदी मिसळल्या, तर त्या आकड्यांवर विसंबायचे कोणी?

म्हणून जाणते लोक नावापुढे नाव देणाऱ्याचे नाव आणि साल जोडतात : झाड ते ब्लूमचे, १८२५, शंख तो र्‍योडिंगचा, १७९८. म्हणजे टपालवाल्याचीच रीत! येथील शाळेच्या मुलांनी वडाला पाटी लावली, तर तिच्यावर आधी ‘वनस्पती’ एवढे लिहावे, मग फायकस.