वाळूचा सातबारा



क्रीडालेखकांच्या संमेलनाचा अध्यक्ष क्रिकेटवर नाही तर निदान कबड्डीवर तरी बोलेल, अशी तुमची अपेक्षा असणार. मी बीच व्हॉलीबॉलच्या जागतिक टूरवर बोलणार आहे. त्याचं कारण सरळ आहे. बहुतेक खेळांची मालकी कधी, कुठे, कोणाच्या नावावर चढली ते आता जुन्या कागदांत गाडलं गेलंय. या खेळाचा सातबारा मात्र अजून ताजा आहे. त्यावरचे सगळे फेरफार आपल्या हयातीतले, आणि प्रत्येक फेरफारामागे एक भांडण आहे.

मूळ जमीन कॅलिफोर्नियाची. सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर सहा-सहा जणांचा खेळ दोन-दोन जणांवर आला तो १९३०च्या सुमारास. १९४७ साली तिथल्या स्टेट बीचवर दोघांच्या संघांची पहिली स्पर्धा झाली. पुढची तीसेक वर्षं हा खेळ म्हणजे सकाळी जाळी बांधायची, हरणाऱ्याने मैदान सोडायचं आणि जिंकणाऱ्याने टिकून राहायचं, एवढाच होता. १९७६ साली त्याच स्टेट बीचवर पाच हजार डॉलरचं बक्षीस लागलं. ते जिम मेंजिस आणि ग्रेग ली यांनी नेलं. हा ली विद्यापीठात बास्केटबॉल गाजवून आलेला गडी. पैसा आला तसे प्रायोजक आले, आयोजक कंपनी आली, आणि चेंडू कोणता वापरायचा इथपासून हिशेब कोण दाखवणार इथपर्यंत कुरबुरी सुरू झाल्या. १९८३ साली खेळाडूंनी आपली संघटना काढली, 'एव्हीपी'. दुसऱ्याच वर्षी रेडोंडो बीचवरच्या मोठ्या स्पर्धेवर तिने बहिष्कार टाकला. संप यशस्वी झाला आणि टूर खेळाडूंच्या हाती आली. व्यावसायिक खेळात असं क्वचित घडतं.

तिकडे स्वित्झर्लंडमध्ये बसलेल्या आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाच्या, म्हणजे एफआयव्हीबीच्या, हे लक्षात आलं नसतं तरच नवल. मेक्सिकोचे रुबेन अकोस्ता १९८४ पासून अध्यक्ष होते. या माणसाबद्दल बरंवाईट पुष्कळ बोलता येईल, पण त्यांना वाळूत पैसा आणि ऑलिम्पिक दोन्ही दिसलं होतं, हे मान्य करायला हवं. १९८७च्या फेब्रुवारीत महासंघाने पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली ती रिओच्या इपानेमा किनाऱ्यावर. कॅलिफोर्नियात नाही, हे ध्यानात घ्या. जिंकले अमेरिकेचेच सिंजिन स्मिथ आणि रँडी स्टोक्लोस. पण प्रेक्षक ब्राझीलचे होते, आणि ब्राझीलची पोरं बघून शिकत होती. त्यानंतर 'वर्ल्ड सिरीज' आली, देशोदेशी मुक्काम पडू लागले, १९९२ मध्ये महिलांच्या स्पर्धांना सुरुवात झाली. १९९३ साली ऑलिम्पिक समितीने अटलांटा ऑलिम्पिकसाठी खेळाला मान्यता दिली आणि खरी मारामारी पेटली.

प्रश्न साधा होता. ऑलिम्पिकला कोण जाणार? महासंघ म्हणाला, आमच्या टूरवर गुण मिळवणारे. एव्हीपीवाले म्हणाले, जगातले सर्वोत्तम खेळाडू आमच्याकडे आहेत, त्यांनी घरची टूर सोडून गुणांसाठी जगभर का हिंडावं? सिंजिन स्मिथ महासंघाच्या बाजूने गेला आणि घरच्यांना तो फितूर वाटला. शेवटी तोडगा निघाला. अमेरिकेची एक जोडी जागतिक गुणांवर आणि दोन जोड्या बाल्टिमोरच्या निवड चाचणीतून. म्हणजे स्मिथ आणि त्याचा जोडीदार कार्ल हेंकेल एका दाराने आले, कार्च किराय आणि केंट स्टेफिस दुसऱ्या दाराने. किरायकडे सहा जणांच्या व्हॉलीबॉलची १९८४ आणि १९८८ची सुवर्णपदकं आधीच होती. तरुणपणी याच स्मिथबरोबर तो वाळूवर जोडीने खेळला होता.

अटलांटात हे दोघे समोरासमोर आले. पंधरा गुणांचा एकच डाव, तोही जुन्या पद्धतीचा, म्हणजे सर्व्हिस ज्याची त्यालाच गुण. डाव १७-१५ असा संपला आणि किराय-स्टेफिस पुढे जाऊन सुवर्णपदक घेऊन आले. त्या सामन्याच्या बातम्यांत चुरस होती, ऊन होतं, घाम होता. पण जाळीच्या दोन बाजूंना दोन संस्था उभ्या होत्या, आणि तो सामना या खेळाचा मालक कोण यावरचा होता. कोर्टावर एव्हीपी जिंकली. कागदावर महासंघ आधीच जिंकला होता, कारण ऑलिम्पिकची किल्ली त्याच्याकडे होती. १९९८ साली एव्हीपीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे ती उभी राहिली, २०१० मध्ये हंगाम अर्धा टाकून पुन्हा बसली, पुन्हा विकली गेली. आज ती आहे, पण अमेरिकेपुरती.

त्याच अटलांटात महिलांची अंतिम लढत ब्राझीलच्याच दोन जोड्यांत झाली. जॅकी सिल्वा आणि सांद्रा पिरेस जिंकल्या. ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणाऱ्या ब्राझीलच्या त्या पहिल्या महिला. इपानेमाची गुंतवणूक नऊ वर्षांत वसूल झाली.

मालक बदलला की तो आधी कुंपण हलवतो. १९९७ पासून 'वर्ल्ड टूर' हे नाव रूढ झालं आणि २००१ मध्ये मैदानच लहान झालं. प्रत्येक बाजूचा नऊ मीटरचा चौरस आठ मीटरचा झाला, म्हणजे ८१ चौरस मीटर जागा ६४वर आली. सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक चेंडूवर गुण मिळू लागला. एकवीस-एकवीसचे दोन सेट, लागलाच तर पंधराचा तिसरा. टीव्हीवाल्यांना सामना किती वेळ चालेल याचा अंदाज हवा होता, तो मिळाला. जुने खेळाडू चिडले आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. मोठ्या मैदानात चेंडू कुठे पडणार हे ओळखणारा, बेताच्या उंचीचा चपळ खेळाडू टिकत असे. लहान मैदानात जाळीवरच्या उंच माणसाचं राज्य आलं.

पण जे घडलं ते सगळं वाईट नाही. सर्व्हिस पडण्याआधी जाळीजवळच्या खेळाडूचे हात बघा. दोन्ही हात पाठीमागे, कमरेखाली. एक बोट म्हणजे मी सरळ रेषेतला फटका अडवतो, दोन बोटं म्हणजे तिरका, मूठ म्हणजे अडवत नाही, मागे येतो. डावा हात समोरच्या एका खेळाडूसाठी, उजवा दुसऱ्यासाठी. प्रत्येक चेंडूच्या आधी हा करार होतो आणि मागचा खेळाडू त्यावर विसंबून उरलेलं मैदान एकटा सांभाळतो. बदली खेळाडू नाही. जोडीदार लंगडू लागला तरी त्यालाच घेऊन खेळायचं. चेंडूत हवा इनडोअरपेक्षा कमी, त्यामुळे वाऱ्यात तो डोलतो. बोटांच्या टोकांनी पलीकडे ढकलायची मुभा नाही, म्हणून वाकवलेल्या बोटांच्या पेरांनी टोलवायचा. लहान मैदानात या डावपेचांची धार वाढली, हे मला मान्य करावं लागतं.

कपड्यांचा विषय आपल्या छायाचित्रकारांमुळे जगाला पाठ आहे. २०१२ पर्यंत महिलांना बिकिनी किंवा एकसंध पोहण्याचा पोशाखच घालावा लागे. त्या वर्षी चड्डी आणि बाह्यांच्या सदऱ्याला परवानगी मिळाली. चार वर्षांनी रिओ ऑलिम्पिकमध्ये इजिप्तची दोआ एल्घोबाशी हिजाब बांधून उतरली. जाळीपलीकडे जर्मनीची किरा वाल्केनहोर्स्ट. तो फोटो जगभर छापला गेला. त्या सामन्यात इजिप्तसमोर होती ती जोडी पुढे सुवर्णपदक विजेती ठरली, हे किती जणांनी छापलं?

आता टूरच्या रचनेकडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. नावं सतत बदलत राहिली: ओपन, ग्रँड स्लॅम, मेजर, मग २०१७ पासून एक ते पाच तारे. समुद्र नसलेल्या ठिकाणीही वाळू पोहोचली. आल्प्समधल्या ग्श्टाडला विजेत्यांना गाईच्या गळ्यातली घंटा मिळते. २०२१ मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने महासंघाच्या 'व्हॉलीबॉल वर्ल्ड' या व्यापारी उपक्रमात तीस कोटी डॉलर घालण्याचा करार केला. हीच सीव्हीसी त्याच वर्षी अहमदाबादचा आयपीएल संघ ५,६२५ कोटींच्या बोलीने घेऊन गेली. तेव्हा आपल्या पानांवर या पैशाची आकडेवारी होती, पण हा दुसरा धागा कोणी ओढला नाही. २०२२ पासून टूरचं नाव 'बीच प्रो टूर'. खाली फ्युचर्स, मध्ये चॅलेंज, वर एलिट-१६, आणि हंगामाअखेर फायनल्स.

ही शिडी दिसायला सरळ आहे. चढणं तसं नाही. गुण प्रत्येक खेळाडूच्या नावावर जमा होतात, दोघांची बेरीज ती जोडीची पत. जोडीदार बदलला की पत बदलते, त्यामुळे इथली मैत्री अनेकदा बेरजेवर टिकते. वरच्या स्पर्धेत खेळायला गुण लागतात आणि भरघोस गुण वरच्याच स्पर्धेत मिळतात. खालच्या पायरीवर जिंकूनही विमानाचं भाडं सुटेलच असं नाही. त्यात देशागणिक कोटा. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या २४ आणि महिलांच्या २४ जोड्या, एका देशाच्या जास्तीत जास्त दोन. ब्राझीलची तिसरी जोडी जगात पाचवी असली तरी घरी बसते.

मग ती काय करते? बीजिंग २००८चं उदाहरण घ्या. जॉर्जियाच्या वतीने ब्राझीलचे चार खेळाडू उतरले. पुरुषांनी टोपणनावं घेतली 'जिऑर' आणि 'जिया', महिलांनी 'साका' आणि 'र्तवेलो'. जोडून वाचलं की एकदा इंग्रजीत जॉर्जिया होतो, एकदा जॉर्जियन भाषेत साकार्तवेलो. पुरुषांची जोडी चौथी आली. महिलांची गाठ पडली रशियाशी, आणि नेमक्या त्याच दिवसांत रशिया-जॉर्जिया युद्ध पेटलं होतं. जॉर्जिया जिंकली. या जॉर्जियन नव्हेतच, असं हरलेल्या रशियन खेळाडूने बोलून दाखवलं. बातमी युद्धाची झाली. दोन ब्राझिलियन मुलींना ब्लॅक सीच्या काठचा पासपोर्ट का घ्यावा लागला, हे कोटा वाचल्याशिवाय कळत नाही.

आपल्या दारातली गोष्ट सांगतो. २०२३ मध्ये या टूरचा चॅलेंज दर्जाचा मुक्काम गोव्यात पडला. आपल्याकडे सातशे किलोमीटरहून अधिक लांबीचा कोकण किनारा, गोव्याचा वेगळा, आणि गावोगाव शूटिंग व्हॉलीबॉलच्या स्पर्धांना लोटणारी गर्दी. तरीही जागतिक टूरवर कोणाला आपलं नाव आपण घालता येत नाही. प्रवेशिका राष्ट्रीय संघटनेमार्फतच जाते. संघटनेत वाद असले, मान्यता अडकली, कोणी फॉर्म वेळेत पाठवला नाही, की मुलगा वाळूवर कितीही चांगला असो, यादीत दिसत नाही. आणि यादीत नसलेल्या खेळाडूवर आपण बातमी लिहीत नाही.

उद्या दुपारच्या सत्रात ठराव मांडले जातील. त्यात माझा एक घ्यावा, अशी विनंती आहे. भारतात आंतरराष्ट्रीय स्पर्धा होईल तेव्हा निकालाच्या आधी, निदान दोन दिवस, प्रवेशिकांची यादी छापावी. कोणाला थेट प्रवेश, कोणाला पात्रता फेरी, कोणाला यजमान म्हणून जागा, आणि ती जागा कोणाच्या सहीने. चार ओळींची चौकट पुरेल. क्रिकेटच्या पानावरून तेवढी जागा काढून देण्याची जबाबदारी मात्र समोर बसलेल्या वृत्तसंपादकांची.