महापालिकेचा उद्योग : दायित्व आहे, अधिकार कुठे आहे?

(नाशिक येथे दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)



महापालिकेने एखादा उद्योग हाती घेतला की दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, 'सरकारी काम, तोटा व्हायचाच.' दुसरा म्हणतो, 'ही सेवा आहे, तोट्याचा विचार कशाला?' दोन्ही मते सोयीची आहेत. कारण दोन्हींत कुणालाच हिशेब द्यावा लागत नाही. आज तो हिशेब आपल्या नाशिकच्याच उदाहरणावरून मांडू या.

अनेक दशके नाशिकची शहर बससेवा राज्य परिवहन महामंडळ चालवीत असे. तोट्यापायी फेऱ्या घटत गेल्या आणि अखेर ही जबाबदारी महापालिकेवर आली. त्यासाठी नाशिक महानगर परिवहन महामंडळ ही कंपनी स्थापन झाली आणि ८ जुलै २०२१ रोजी 'सिटीलिंक' धावू लागली. पण या उद्योगाची रचना पाहा. बसगाड्या व चालक ठेकेदाराचे, वाहकही ठेकेदारामार्फत. ठेकेदाराला मोबदला किलोमीटरनुसार. बस भरलेली असो वा रिकामी. तिकिटाचे उत्पन्न कमी पडले की तूट महापालिकेची. भाडे वाढवावे, तर प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरी हवी. म्हणजे खर्च कराराने बांधलेला, दर दुसऱ्याच्या हाती आणि तोट्याचा धनी मात्र नाशिकचा करदाता!

या रचनेची झळ प्रथम कुणाला लागते? वाहकांनी थकीत वेतनासाठी एकाहून अधिक वेळा काम बंद ठेवले. मार्च २०२४ मध्ये तर संप अनेक दिवस चालला. ज्यांच्या घरी दुचाकी नाही, ते विद्यार्थी आणि कामगार त्या दिवसांत थांब्यावरच तिष्ठत राहिले.

तूट भरायची कशातून? २०१३ मध्ये जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही २०१५ मध्ये बव्हंशी रद्द झाला. २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईसाठी महापालिकेला राज्याकडे पाहावे लागते. मुंबईच्या 'बेस्ट'ला दीर्घकाळ विजेच्या नफ्याचा आधार होता. त्यातून बसचा तोटा भरून निघे. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर वीजग्राहकाने बसचा भार का सोसावा, हा प्रश्न उभा राहिला आणि तो आधारही डळमळला. नाशिकला तर असा आधार कधी नव्हताच.

वस्तुतः तोटा हा दोष नव्हे. लपविलेला तोटा हा दोष आहे. विद्यार्थी-सवलतीचा भार किती, गैरव्यवस्थेचा किती, हे अंदाजपत्रकात वेगवेगळे दाखवावे. पहिला भार समाजाने आनंदाने उचलावा. दुसऱ्याचा जाब विचारावा. ठेक्यात वाहकाच्या वेतनाची हमी असावी. व्यवस्थापकाला निश्चित कार्यकाळ आणि निर्णयाचे स्वातंत्र्य मिळावे.

आणि जाब विचारणार कोण? ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरांना स्वशासनाचे घटनात्मक स्थान दिले. पण मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर नाशिकने दीर्घकाळ प्रशासकीय राजवटच अनुभवली. सभागृह नसताना प्रश्न विचारण्याचे काम नागरिकांचेच होते. सभागृह असतानाही ते नागरिकांचेच असते.

२०२७ च्या सिंहस्थात लक्षावधी भाविक याच शहरात येतील. त्यांना गोदाकाठी नेणारी बस कुणाची, असे कुणी विचारले, तर 'आमची' असे उत्तर आपल्याला देता आले पाहिजे. पण 'आमची' म्हणणाऱ्याने तिचा ताळेबंदही वाचलेला असावा, एवढीच आजची विनंती.